ऊसबिलाला कर नाही, मग अग्रिम कर कोणाला?



गळीत हंगाम सुरू होऊन पहिल्या पंधरवड्याची बिले खात्यावर पडू लागली, की गट कचेऱ्यांत आणि कारखान्याच्या अकाउंट खात्यात एक विचारणा हमखास होते. "साहेब, सी.ए. म्हणतोय अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरा. आता आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला कसला आलाय टॅक्स? आणि तोही आगाऊ?" कोणी म्हणतो, भरून टाकू, नसती कटकट नको. कोणी म्हणतो, वर्ष तर संपू द्या, मग बघू. दोघेही अंदाजाने बोलत असतात, आणि हा विषय हिशेबाचा आहे. म्हणून या अंकात त्याची सरळ आकडेमोड मांडण्याचे आम्ही ठरविले.

आधी आपण यात येतो का, ते पाहावे

ज्या सभासदाचे उत्पन्न निव्वळ उसाचे, भाजीपाल्याचे, सोयाबीनचे किंवा द्राक्षाचे आहे, त्याला प्राप्तिकर नाही, मग अग्रिम कराचा प्रश्नच नाही. शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा विषय आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे ठेवला आहे, केंद्राकडे नाही. जमीन शेतीसाठीच खंडाने दिली असेल तर तो खंड, आणि रोपवाटिकेत वाढविलेल्या ऊस रोपांचे उत्पन्न, हेही शेतीचेच धरले जाते. अशा सभासदांनी हा लेख शेजाऱ्यासाठी म्हणून वाचावा.

पण आज किती घरांत निव्वळ शेती राहिली आहे? एकाचे ट्रक वाहतुकीला आहेत, एकाचे खतांचे दुकान आहे, एकाने रस्त्याकडेला गाळे काढले आहेत, एकाच्या वडिलांच्या ठेवी आहेत. ही मिळकत उसाच्या जोडीने आली, उसाच्या पैशातून उभी राहिली, तरी कायद्याच्या लेखी ती शेतीची नव्हे. खालील बाबी विशेष ध्यानात घ्याव्यात.

ऊस वाहतुकीचे भाडे आणि तोडणीचे कमिशन हा व्यवसाय आहे. आपला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात भाड्याने नांगरटीला गेला, तर तेही व्यवसायाचे उत्पन्न. गोठा आणि कोंबडीपालन यांचे उत्पन्न शेतीत बसत नाही. बँकेतील, पतसंस्थेतील वा कारखान्यातील ठेवींचे व्याज आणि भागभांडवलावरील लाभांश करपात्र आहेत. रानात मोबाईलचा मनोरा उभा राहिला आणि त्याचे भाडे आले, तर जमीन शेतीची असली तरी भाडे शेतीचे नव्हे.

कारखान्याकडून तोडणी-वाहतुकीसाठी घेतलेली उचल मात्र उत्पन्न नाही, ते देणे आहे. पुष्कळ वाहतूकदार ही उचल आणि बिल एकाच खात्यात घेतात आणि मार्चमध्ये दोन्हींची गल्लत होते. पासबुकात उचलीच्या रकमेवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी, एवढे केले तरी अर्धे काम होते.

अग्रिम कराचा नियम

मिळकत होत जाईल तसतसा वर्षाच्या आतच कर भरत जायचा, ही पद्धत आपल्या देशात १९४४ साली, महायुद्धाच्या काळात आली. नियम असा: संपूर्ण वर्षाचा कर अंदाजाने काढायचा, त्यातून टीडीएसने आधीच कापलेली रक्कम वजा करायची. बाकी १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त राहिली, तर अग्रिम कर लागू. त्याखाली राहिली, तर विवरणपत्र भरताना एकदम भरला तरी चालतो.

हप्ते चार. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पुरा. अंदाज आधी कुठे कळवावा लागत नाही. प्रत्येक हप्त्याच्या वेळी नव्याने अंदाज बांधता येतो, वाढवता येतो, कमीही करता येतो.

दोन सवलती आहेत. पहिली साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना. त्यांचे व्यवसायाचे उत्पन्न नसेल, फक्त ठेवींचे व्याज, भाडे, पेन्शन असे असेल, तर त्यांना अग्रिम कर नाही. पण इथे एक मेख आहे. बऱ्याच घरांत ट्रकचे पासिंग वडिलांच्या नावाने असते, कारण कर्ज त्यांच्या नावावर मिळाले. आबा सत्तर वर्षांचे असोत, ट्रक त्यांच्या नावावर आहे म्हणजे व्यवसाय त्यांचा, आणि सवलत गेली.

दुसरी सवलत छोट्या व्यावसायिकाला. खतांचे दुकान, ट्रॅक्टरची भाडोत्री कामे यांसारख्या व्यवसायात जे उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवतात (रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के), त्यांना चार हप्ते नाहीत. त्यांनी सगळा कर एकदाच, १५ मार्चपर्यंत भरावा.

वाहतूकदारांनी नीट वाचावे

ट्रकमालकांचा ठोक हिशेब निराळा आहे. वर्षात केव्हाही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील, तर गाडीमागे ठरावीक उत्पन्न दाखविता येते. एकूण वजनक्षमता १२ टनांपेक्षा जास्त असलेल्या गाडीला दर टनामागे दरमहा १,००० रुपये, आणि लहान गाडीला दरमहा ७,५०० रुपये. प्रत्यक्षात याहून जास्त मिळकत झाली असेल, तर अर्थात जास्त दाखवायची. या ठोक रकमेतून डिझेल, ड्रायव्हर, टायर, फायनान्सचे व्याज, घसारा, काही वजा होत नाही. सगळे त्यात आलेच, असे कायदा धरतो.

यात तीन ठिकाणी आपले वाहतूकदार फसतात.

एक, हा हिशेब गाडी मालकीची असेल तितक्या महिन्यांचा आहे. गाडी हंगामात पाच महिने चालली आणि पावसाळाभर झाडाखाली उभी राहिली, तरी बारा महिने मोजले जातात.

दोन, चार हप्त्यांऐवजी एकच हप्ता ही सवलत दुकानदाराला आहे, या ठोक हिशेबाच्या ट्रकमालकाला नाही. त्याला चारही तारखा लागू.

तीन, आणि हे महत्त्वाचे. दहा किंवा त्याहून कमी गाड्यांच्या मालकाने पॅन देऊन तसे प्रतिज्ञापत्र दिले, की त्याच्या वाहतूक बिलातून टीडीएस कापला जात नाही. हे कागद आपण दरवर्षी करारासोबत घेतो. तेव्हा वाहतूकदार खूश असतो, बिल पुरे हाती पडते. पण कपात टळली म्हणजे कर टळला नाही. उलट कपात नसल्यामुळे सगळा कर अंगावर येतो आणि दहा हजारांची मर्यादा सहज ओलांडली जाते.

तोडणीचे कमिशन या ठोक रकमेत येत नाही. ते वेगळे धरावे.

ऊस कर भरत नाही, पण दर वाढवतो

अनेक सभासदांना ही गोष्ट पटत नाही, म्हणून खुलासा करतो. शेती उत्पन्नाच्या करासंबंधी विचार करण्यासाठी डॉ. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७२ साली आला आणि १९७३ च्या वित्त कायद्याने एक पद्धत सुरू झाली, ती अद्याप चालू आहे. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांवर असेल आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर दर ठरविण्यापुरती दोन्हींची बेरीज करतात. बेरजेवर कर काढतात. मग शेती उत्पन्न अधिक करमुक्त मर्यादा एवढ्या रकमेवरचा कर त्यातून वजा करतात. राहील तो आपला कर.

उदाहरणाशिवाय हे कळायचे नाही. समजा, एक सभासद आहेत, वय ४८. दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, नव्या करपद्धतीचे घेऊ: ४ लाखांपर्यंत काही नाही, नंतर दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ आणि २४ लाखांवर ३० टक्के.

त्यांचे २८ टनी तीन ट्रक आहेत. गाडीमागे दरमहा २८,००० प्रमाणे तिघांचे वर्षाचे १०,०८,००० रुपये. गाळ्यांचे भाडे ५,६०,०००, त्यातून दुरुस्तीपोटी मिळणारी ३० टक्के वजावट जाऊन ३,९२,०००. ठेवींचे व्याज १,००,०००. एकूण बरोबर १५,००,०००. शिवाय उसाचे खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न ५,००,०००.

उसाचा विचारच केला नाही, तर १५ लाखांवर कर होतो १,०५,०००. आता कायद्याप्रमाणे करू. १५ आणि ५ मिळून २० लाख, त्यावर कर २,००,०००. ऊस ५ लाख आणि करमुक्त ४ लाख मिळून ९ लाख, त्यावर कर ३०,०००. वजाबाकी १,७०,०००. त्यावर ४ टक्के उपकर ६,८००. एकूण १,७६,८०० रुपये.

म्हणजे उसाच्या पैशावर कर नाही हे खरेच, पण उसामुळे ट्रकच्या पैशावरचा कर उपकरासह ६७,६०० रुपयांनी वाढला. जो सभासद अंदाज करताना ऊस सोडून देतो, त्याचा सगळा अंदाज इथेच चुकतो. एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर २०२५-२६ साली नव्या पद्धतीत सूट आहे. परंतु ज्यांच्या जोडीला उसाचे मोठे उत्पन्न आहे, त्यांनी ही सूट पुरी मिळेलच असे गृहीत न धरता सी.ए.कडून आकडा काढून घ्यावा.

भरावा की थांबावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या सभासदांच्या व्याजातून बँकेने १०,००० कापले. बाकी कर १,६६,८००. दहा हजारांच्या कितीतरी वर, तेव्हा अग्रिम कर लागू झाला. हप्त्यांची बेरीज अशी: जूनला २५,०२०, सप्टेंबरपर्यंत ७५,०६०, डिसेंबरपर्यंत १,२५,१०० आणि मार्चपर्यंत १,६६,८००.

न भरल्यास काय? तुरुंग नाही, जप्ती नाही. व्याज आहे, महिन्याला १ टक्का, सरळव्याज. पहिल्या तीन हप्त्यांतील कमतरतेवर प्रत्येकी तीन महिन्यांचे, मार्चच्या हप्त्यावर एक महिन्याचे. शिवाय ३१ मार्चपर्यंत ९० टक्के कर भरला नसेल, तर १ एप्रिलपासून भरेपर्यंत दरमहा १ टक्का निराळे.

आमच्या उदाहरणातील सभासदांसमोर तीन वाटा आहेत.

पहिली वाट, काहीच न भरता जुलैत विवरणपत्रासोबत सगळे भरणे. हप्त्यांचे व्याज ७५०, २,२५०, ३,७५३ आणि १,६६८, मिळून ८,४२१. एप्रिल ते जुलैचे ६,६७२. एकूण १५,०९३ रुपये फुकट गेले.

दुसरी वाट, सगळा कर १५ मार्चला एकदम. व्याज पहिल्या तीन हप्त्यांचे, ६,७५३ रुपये.

तिसरी वाट, जून आणि सप्टेंबर सोडणे, १५ डिसेंबरला ७५ टक्के आणि १५ मार्चला उरलेला कर. व्याज फक्त ३,००० रुपये.

चारही हप्ते वेळेवर भरले तर व्याज शून्य. कागदावर हेच सर्वांत चांगले. पण जून आणि सप्टेंबरात आपल्याकडे पैसा कुठे असतो? जूनमध्ये शाळेच्या फिया, मशागत, बी-बियाणे. जुलै-ऑगस्टात आडसालीची लागण, खते. ट्रक उभे. मुकादमाला टोळीसाठी द्यायची उचल त्याच सुमारास निघते. सरकारी तारखा पगारदाराच्या आणि व्यापाऱ्याच्या वर्षाला जुळतात, उसाच्या वर्षाला नाही. ही अडचण खरी आहे, म्हणूनच निर्णय आकड्याने करावा लागतो.

आकडा सोपा आहे. सरकारचे व्याज महिन्याला १ टक्का, म्हणजे वर्षाला १२. जून आणि सप्टेंबरचे हप्ते भरण्यासाठी बाहेरून २ टक्के महिन्याने पैसे काढले आणि डिसेंबरात बिलातून फेडले, तर व्याज होते सुमारे ६,००० रुपये. सरकारचे वाचतात ३,०००. असा व्यवहार करू नये. १ टक्क्याने पैसे मिळाले तर दोन्ही सारखेच. मात्र बचत खात्यात पैसा पडून आहे, त्यावर याहून कितीतरी कमी व्याज मिळते, आणि तरीही हप्ता चुकवायचा, हा शुद्ध तोटा.

तेव्हा नियम असा बसतो. पैसा हाताशी असेल किंवा बारा टक्क्यांच्या आत मिळत असेल, तर हप्ता वेळेवर भरावा. सावकाराच्या दारात जावे लागत असेल, तर जून-सप्टेंबर सोडावे, पण सोडले ते हिशेबाने सोडावे, विसरून नव्हे. पीककर्ज मात्र या कामी कधीच वळवू नये. ते पिकासाठी आहे आणि वेळेत फेडीची सवलत गेली तर नुकसान कराच्या व्याजाहून मोठे होते.

थोडा आधार आणखी आहे. जूनला १५ ऐवजी १२ टक्के आणि सप्टेंबरला ४५ ऐवजी ३६ टक्के भरले असतील, तरी त्या हप्त्यांचे व्याज लागत नाही. आमच्या उदाहरणात ते २०,०१६ आणि ६०,०४८ होतात. कधी कधी एवढ्या फरकावरही काम भागते.

डिसेंबरची तारीख मात्र आपल्याला जुळणारी आहे. तोवर वाहतुकीची बिले सुरू झालेली असतात. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल देण्याचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, तरीही आमचा सल्ला असा की, जे बिल खात्यावर जमा झाले तेच कराच्या तजविजीत धरावे. सोसायटीची कपात जाऊन हाती किती उरते, ते पाहून डिसेंबरचा हप्ता ठरवावा. आणि १५ मार्च कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. मार्चपर्यंत भरलेल्याला आणि जुलैला भरणाऱ्याला पडणाऱ्या व्याजात आपण वर पाहिले तसा दुपटीहून अधिक फरक आहे.

जमीन विकली असेल तर

गावापासून दूरची शेतजमीन विकली, तर तिच्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. पण नगरपालिकेच्या हद्दीतली, किंवा हद्दीपासून ठरावीक अंतरातली जमीन करात येते. लोकसंख्या १० हजारांवर ते १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाखांना ६ आणि त्यावर ८ किलोमीटर. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात. बिगरशेती झालेला प्लॉट तर करात येतोच. अशी विक्री आधी कोणाला माहीत नसते, म्हणून कायदा सवलत देतो. विक्रीनंतर जे हप्ते उरले असतील त्यांत तो कर भरला, तर मागच्या हप्त्यांचे व्याज नाही. विक्री १५ मार्चनंतर झाली तर ३१ मार्चपर्यंत भरावा. आणि एक सांगतो, साठेखताची रक्कम हाती आली की ती घरबांधणीत किंवा लग्नात घालण्याआधी कराचा भाग बाजूला काढून ठेवा. नंतर काढायला तो उरत नाही.

जास्त भरला गेला तर?

"समजा टोळी पळाली, हंगाम बसला, आणि भरलेला कर जास्त झाला, तर पैसे बुडाले का?" असे काही वाहतूकदार विचारतात. बुडत नाहीत. विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. परताव्याची रक्कम ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी नसेल, तर तिच्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याजही मिळते. म्हणजे कमी भरला तर आपण एक टक्का द्यायचा आणि जास्त भरला तर सरकार अर्धा टक्का देणार. यावरून डोळे झाकून जास्त भरण्यातही शहाणपण नाही, हे कळून येईल.

कामाच्या गोष्टी

भरणा प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरून पॅन टाकून करता येतो. मुलगा किंवा नातू करून देईल, पण 'अग्रिम कर' हाच प्रकार निवडला का आणि वर्ष बरोबर आहे का, हे दोनदा पाहावे. चुकीच्या वर्षात गेलेले पैसे योग्य जागी आणायला हेलपाटे पडतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा येण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे आकडे बदलतात आणि 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' हा शब्द येतो. म्हणून आम्ही या लेखात कलमांचे आकडे दिलेले नाहीत. पावती मात्र जपून ठेवावी.

सी.ए.कडे जाताना चार कागद न्यावेत: ऊसबिलांचा आणि वाहतूक बिलांचा कारखान्याचा उतारा, उचलीचा उतारा, सर्व पासबुके, आणि गाड्यांची आर.सी. बुके. आर.सी. बुकावर वजनक्षमता असते आणि सगळा ठोक हिशेब तिच्यावरच आहे. आम्ही सल्लागार नव्हे, शेवटचा आकडा त्यांच्याकडूनच घ्यावा. पण त्यांच्याकडे मार्चच्या चौदा तारखेला धावत जाण्यापेक्षा दसऱ्याच्या सुमारास एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा बसावे. सप्टेंबरचा हप्ता चुकला असेल, तर डिसेंबरला किती भरायचे ते दसऱ्यालाच कळेल. मार्चला किती लागेल ते संक्रांतीला कळेल, आणि तेवढी रक्कम फेब्रुवारीच्या बिलातून बाजूला काढता येईल.

उसाला पाणी द्यायचे की नाही, हे आपण शेजाऱ्याला विचारून ठरवीत नाही. रानात जातो, माती हातात घेतो आणि मग मोटार चालू करतो. कराचेही तेच करावे. आपली बिले, आपली पासबुके समोर घ्यावीत, दहा हजारांची मर्यादा ओलांडते का ते पाहावे, आणि भरायचा की थांबायचे ते त्या आकड्यावरून ठरवावे.